काळे काम : जर्मनीतील नोंदीबाहेरची मजुरी आणि आपले गिरमिट

जर्मन भाषेत ‘श्वार्त्सआर्बाइट’ असा एक शब्द आहे. श्वार्त्स म्हणजे काळे, आर्बाइट म्हणजे काम. काळा पैसा आपल्याला ऐकून ठाऊक असतो. जर्मन लोक त्याच्या आधीची पायरी सांगतात. मजुरी रोख हातात मिळते, पावती नसते, कर भरला जात नाही, आजारपणाच्या विम्याचा आणि म्हातारपणाच्या पेन्शनचा हप्ता कुणी भरत नाही. काम स्वतः चोख असू शकते. भिंत सरळ उभी राहते, फरशी स्वच्छ निघते, म्हातारीला वेळेवर जेवण मिळते. फक्त त्या कामाची नोंद कुठल्याही वहीत सापडत नाही.

शर्तबंद मजुरांच्या वंशजांच्या स्मरणिकेत जर्मनीचे काय काम, असे कुणी विचारील. जर्मनी हा कागदांचा देश आहे. घर बदलले तरी नगरपालिकेत नाव नोंदवावे लागते. आणि आपला मॉरिशसमधला इतिहासही कागदांचाच आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आपल्यापैकी अनेकांना पणजोबा सापडले ते एका क्रमांकाने, जहाजाच्या नावाने आणि कुणाकुणाच्या बाबतीत एका छायाचित्राने. आपल्या पूर्वजांना कागदाने बांधले होते. आजच्या जर्मनीत अनेकांना कागद नसल्यामुळे बांधले जाते. या दोन गोष्टी उलट दिसतात, पण जर्मनीचा मजुरीचा इतिहास वाचू लागले की त्या एकमेकींच्या फार जवळ येतात.

आधी थोडे आकडे. फ्रीडरिश श्नायडर नावाचे ऑस्ट्रियातील लिंझचे अर्थशास्त्रज्ञ अनेक वर्षे या सावलीतल्या अर्थव्यवहाराचे अंदाज काढत आले आहेत. त्यांच्या हिशेबाने २००३ च्या सुमारास जर्मनीतला असा व्यवहार राष्ट्रीय उत्पन्नाच्या सतरा टक्क्यांपर्यंत गेला होता. अलीकडे तो दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास आहे. मोजायचे ते लपलेलेच असल्यामुळे हे अंदाज आहेत, आणि इतर अभ्यासक त्यांच्याशी वादही घालतात. पण एवढे निश्चित की ही गोष्ट गरीब देशांपुरती नाही, आणि ती केवळ परक्यांनी आणलेलीही नाही. शनिवारी शेजाऱ्याच्या बंगल्याला रंग लावणारा गवंडी, घरी येऊन केस कापणारी बाई, बिल नको म्हणणारे गिऱ्हाईक हे बहुतेक तिथलेच लोक असतात.

आता मागे जाऊ.

मॉरिशसमध्ये १८६७ च्या कायद्याने पाच वर्षांचे गिरमिट संपवलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही तिकीट बाळगणे सक्तीचे झाले. त्यावर छायाचित्र असे, आणि सोबत पोलिसांचा पास लागे. तिकीट घरी राहिले, फाटले किंवा भलत्याच जिल्ह्यात सापडले की माणूस ‘भटका’ ठरे आणि कोठडीत जाई. याविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे गेला. तो लिहून देणारे आदोल्फ द प्लेवित्झ हे जर्मन वंशाचे होते, हे आपल्याकडे फारसे कुणी लक्षात ठेवत नाही. त्या अर्जामुळे १८७२ मध्ये राजकीय चौकशी आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला.

प्लेवित्झसाहेबांच्या वाडवडिलांच्या देशात काही वर्षांनी जवळजवळ तेच घडले. एल्बे नदीच्या पूर्वेला प्रशियाच्या जमीनदारांचे बीट आणि बटाट्याचे मोठमोठे मळे होते. त्यांना स्वस्त हात हवे होते आणि ते हात रशियाच्या व ऑस्ट्रियाच्या ताब्यातील पोलंडमधून येत. सरकारला मात्र पोलिश लोक कायमचे राहायला नको होते. म्हणून १८९० नंतर त्यांना हंगामापुरते येऊ देत आणि हिवाळ्यात सक्तीने परत पाठवत. पुढे १९०८ पासून प्रत्येकाला ओळखपत्र सक्तीचे झाले. पोलिश मजुराचे कार्ड लाल रंगाचे असे, आणि त्यावर मालकाचे नाव असे. मालक सोडला तर कराराचा भंग, आणि भंग केला तर हद्दपारी. पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत असे आणि इतर परदेशी मजूर मिळून सुमारे १२ लाख होते. मालक वाईट निघाला म्हणून जो पोलिश गडी रात्री पळून दुसऱ्या मळ्यावर गेला, तो सकाळी बेकायदा मजूर झाला. त्याच्या हातात कालचेच खुरपे होते. फक्त कार्डावरचे नाव आता चुकीचे होते.

आपल्याकडेही असे झाले होते. गिरमिट संपलेले अनेक जण पुन्हा मळ्याशी करार करायला तयार नसत. ते ‘जॉब कॉन्ट्रॅक्टर’च्या टोळीत जात. हे ठेकेदार पुष्कळदा आपलेच लोक असत, आधी सरदार म्हणून काम केलेले. आज या मळ्यावर, उद्या त्या मळ्यावर, रोजाने किंवा उक्ते काम. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापणारी ती दुहेरी कपात तिथे नव्हती. मळेवाल्यांना या टोळ्या हव्याही असत आणि खुपतही असत, म्हणून तर भटकेगिरीचा कायदा एवढा कडक झाला. या ठेकेदारांनी मजुरांना फसवले नाही असे मी म्हणणार नाही, पुष्कळांनी फसवले. पण त्या टोळीत गेलेल्या माणसाला निदान मालक बदलता येत होता. नोंदीबाहेरची मजुरी कुणाला सुटका असते आणि कुणाला सापळा, आणि कधी एकाच माणसाला एकाच आठवड्यात दोन्ही. जर्मनीचे पुढचे वाचताना हे मनात ठेवावे.

हिटलरच्या काळात लाखो परदेशी स्त्री-पुरुषांना जबरदस्तीने आणून राबवले गेले. ती गुलामी होती आणि तिचा विषय वेगळा आहे. युद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीत कारखाने धूर ओकू लागले, आणि घरे बांधायला माणसे पुरेनात. या तेजीत ३० मार्च १९५७ रोजी काळ्या कामाविरुद्धचा पहिला कायदा झाला. आता वाटेल की तो मजुराच्या रक्षणासाठी असेल. पण त्यामागे मुख्यतः कारागिरांच्या संघटना होत्या. १९५३ च्या कायद्याप्रमाणे सुतार, गवंडी, रंगारी यांना स्वतंत्र धंदा करायचा तर ‘माइस्टर’ म्हणजे उस्तादाची परीक्षा द्यावी लागे आणि कारागिरांच्या नोंदवहीत नाव असावे लागे. नोंद नसताना जो कमी भावात काम करील तो त्यांच्या दृष्टीने गुन्हेगार. (२००४ मध्ये त्रेपन्न धंद्यांतली ही परीक्षेची सक्ती उठवली, आणि २०२० मध्ये बारा धंद्यांवर ती पुन्हा बसवली. उस्तादांचे वजन अजून कमी झालेले नाही.)

त्याच सुमारास परदेशी मजूर आणण्याचे करार सुरू झाले. इटलीशी १९५५, स्पेन आणि ग्रीसशी १९६०, तुर्कस्तानशी १९६१, पोर्तुगालशी १९६४. या लोकांना ‘गास्टआर्बाइटर’ म्हणजे पाहुणे कामगार म्हणत. पाहुणा म्हणजे जाणारा. १० सप्टेंबर १९६४ रोजी कलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर आर्मांदो रोद्रिगेश द सा नावाचा पोर्तुगीज सुतार गाडीतून उतरला, आणि तो दहा लाखावा पाहुणा ठरला. बँड वाजला, फुले दिली, एक मोपेड भेट दिली. ती मोपेड आज बॉन शहरातील इतिहास संग्रहालयात आहे. या माणसाचे पुढे काय झाले ते त्या प्रसिद्ध फोटोत दिसत नाही. तो आजारी होऊन गावी परतला, शिल्लक उपचारांवर खर्च झाली आणि १९७९ मध्ये तो वारला. जर्मनीत भरलेल्या हप्त्यांमुळे आपल्याला तिथून मदत मागता आली असती, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. हा तर नोंद असलेला, बँडबाजाने आणलेला मजूर.

२३ नोव्हेंबर १९७३ रोजी तेलसंकटाच्या वेळी ही भरती थांबवली. भरती थांबली तरी कामे थांबली नाहीत. मजूर भाड्याने देणाऱ्या मधल्या कंपन्यांचे पीक आले. त्यांच्यासाठी १९७२ मध्ये कायदा झाला होता आणि १९८२ पासून बांधकामावर भाड्याचे मजूर लावायला बंदी आली, तरी कारखान्याने ठेकेदाराला, ठेकेदाराने पोटठेकेदाराला काम द्यायचे आणि शेवटच्या माणसाने मजुरांना काही नोंदवून, काही न नोंदवता आणायचे, ही साखळी पक्की झाली. आपल्या भाषेत सांगायचे तर सरदाराच्या वर सरदार, आणि सगळ्यात वरच्या साहेबाला खालच्या माणसाचे नावही ठाऊक नाही.

ही साखळी साऱ्या देशाला दाखवली ती ग्युंटर वालराफ या पत्रकाराने. १९८३ मध्ये त्याने डोळ्यांत गडद रंगाची भिंगे घातली, काळा टोप चढवला, मिशी ठेवली, मोडकी जर्मन बोलू लागला आणि ‘अली’ नावाचा तुर्की मजूर झाला. कितीही जड, कितीही घाण काम थोड्या पैशात करीन, अशी जाहिरात त्याने दिली. दोन वर्षे तो असा राबला. त्यातला मोठा काळ ड्यूसबर्ग येथील थिसेनच्या पोलाद कारखान्यात गेला, पण कारखान्याचा माणूस म्हणून नव्हे. तो पोटठेकेदाराचा होता. भट्ट्यांजवळची धूळ उपसायची, एका पाळीला जोडून दुसरी पाळी करायची, सुरक्षेची साधने धड मिळायची नाहीत आणि ठरलेले पैसे मागायला गेले की उद्या ये. त्या धुळीने वालराफच्या छातीचा आजार जडला.

पुस्तकाच्या शेवटी त्याने एक सापळा रचला. अणुवीज केंद्राचा अधिकारी म्हणून एक बनावट माणूस ठेकेदाराकडे पाठवला. किरणोत्सर्गाच्या धोक्याच्या जागी दुरुस्तीला काही तुर्क हवेत, त्यांना धोका सांगायचा नाही आणि काम होताच मायदेशी पाठवून द्यायचे, असा निरोप होता. ठेकेदार तयार झाला. हे वाचताना मला आपल्या गावोगावच्या दफादारांची आठवण होते, ज्यांनी कोकणातल्या माणसांना समुद्रापलीकडे दगड उलटले की सोने सापडते असे सांगून मुंबईच्या बंदरावर आणले, अशी गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात.

‘गान्झ उंटेन’ म्हणजे ‘अगदी तळाशी’ या नावाचे ते पुस्तक १९८५ मध्ये निघाले आणि त्याच्या लाखो प्रती हातोहात खपल्या. चौकश्या बसल्या, खटले झाले, चित्रपट निघाला. मला मात्र एक गोष्ट टोचते. त्या वेळी जर्मनीत दहा लाखांहून अधिक तुर्की लोक राहत होते. त्यांच्यापैकी कुणीही हे सांगू शकला असता, आणि अनेकांनी सांगितलेही असेल. लोकांनी ऐकले ते वेष बदललेल्या जर्मनाचे. आपल्या अर्जाखाली ९,४०१ सह्या होत्या, तरी इतिहासात नाव राहिले ते प्लेवित्झसाहेबांचे.

आता भिंतीच्या पलीकडचे. पूर्व जर्मनी हे स्वतःला कामगारांचे राज्य म्हणवत असे. तिथेही मजूर कमी पडले, आणि १९७९ मध्ये मोझांबिकशी व १९८० मध्ये व्हिएतनामशी करार झाले. हे लोक ‘करार कामगार’ म्हणून ओळखले जात. हा शब्द आपल्या कानाला परका वाटत नाही. ठरावीक वर्षे, ठरावीक कारखाना, राहायला वसतिगृह, पाहुणा आला तर नोंद. व्हिएतनामी बाईला दिवस गेले तर गर्भपात किंवा परतीचे विमान, असे दोनच मार्ग बरीच वर्षे होते. आपल्या बेटाच्या समोरच्या किनाऱ्यावरून, मोझांबिकहून, त्या दहा वर्षांत वीस हजारांच्या आसपास तरुण गेले. त्यांच्या पगारातून सुरुवातीला पंचवीस आणि पुढे साठ टक्क्यांपर्यंत रक्कम कापली जाई. परत गेल्यावर ती मिळेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ते पैसे मोझांबिकचे पूर्व जर्मनीकडील कर्ज फेडण्यात वळते झाले. १९९० मध्ये पूर्व जर्मनीच संपली, बहुतेकांना घाईने परत पाठवले, आणि मापुतोमध्ये त्यांच्या हाती फारसे काही पडले नाही. तिथे त्यांना ‘मॅडजर्मन्स’ म्हणतात. पुढे अनेक वर्षे ते बुधवारी मापुतोच्या रस्त्यांवरून मोर्चा काढत राहिले, हातात त्या नाहीशा झालेल्या देशाचा झेंडा घेऊन.

या मजुरांची एकूण एक नोंद होती हे विसरू नये. करार, सही, शिक्का, सगळे. लुटले ते नोंद ठेवूनच.

व्हिएतनामी लोकांनी यातून स्वतःची वाट काढली. कारखान्याची पाळी संपली की वसतिगृहाच्या खोलीत शिवणयंत्र चालू होई. पूर्व जर्मनीच्या दुकानांत चांगली जीन्स मिळत नसे, तेव्हा हे लोक कापड मिळवून जीन्स आणि जाकिटे शिवून विकत. ते काळे कामच होते. अधिकाऱ्यांना ठाऊक असूनही ते पुष्कळदा गप्प राहत, कारण त्यांच्या मुलांनाही तीच पँट हवी असे. त्या पैशांतून सायकली, शिलाई यंत्रे आणि साबणाच्या वड्या खोक्यांत भरून व्हिएतनामला गेल्या. आपल्या आजी-पणजींनी मळ्याच्या कामानंतर कांपामागे भाजी लावली, गाई पाळल्या, दूध विकले आणि त्यातून जमिनीचा पहिला तुकडा घेतला. तो हिशेबही कुठल्या इस्टेटीच्या वहीत नव्हता.

आजच्या जर्मनीत काळ्या कामाविरुद्धचा कायदा २००४ चा आहे. तपासणी कस्टम खात्याकडे आहे. गणवेशातले अधिकारी बांधकामावर, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, सलूनमध्ये अचानक येतात. नातेवाइकांनी केलेली मदत, शेजारधर्म, एकमेकांची घरे बांधू लागणे हे मात्र कायद्याने काळ्या कामातून वगळले आहे, जोवर पैसा कमावणे हा हेतू नाही. आपल्या कोकणातल्या सावडीला किंवा घाटावरच्या इर्जिकीला तिथेही जागा आहे, हे वाचून बरे वाटले.

न्यायालये मात्र कडक झाली आहेत. एका बाईने अंगणातील वाट फरसबंद करून घेतली. ठरले १,८०० युरो, रोख, बिलाशिवाय. फरश्या खचल्या. १ ऑगस्ट २०१३ रोजी वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की असा करारच रद्दबातल आहे, त्यामुळे दुरुस्ती मागता येणार नाही. पुढच्या वर्षी उलट बाजूचा निकाल लागला : काळे काम करणाऱ्या कारागिराला उरलेले पैसेही मागता येणार नाहीत. धंदेवाल्या कारागिराच्या बाबतीत हे मला पटते. ज्याला दुसरा पर्याय होता त्याने तो घ्यायला हवा होता.

पण सगळ्यात जास्त काळे काम घराच्या आत चालते, आणि तिथे कस्टमचा माणूस सहसा पोचत नाही. कलोन येथील अर्थसंशोधन संस्थेच्या पाहणीनुसार तीस लाखांहून अधिक जर्मन घरांत साफसफाईला किंवा मदतीला बाई येते, आणि दहातली नऊ घरे तिची नोंद करत नाहीत. नोंद करणे अवघड नाही. घरकामासाठी एक साधा अर्ज आहे, करही थोडा सुटतो. तरी अशा नोंदी अलीकडे तीन लाखांच्या आतच आहेत. काही वेळा बाईलाच नोंद नको असते, कारण हातात येणारे पैसे आज लागतात आणि पेन्शन फार लांब आहे. ती पाय घसरून पडते तेव्हा हिशेब बदलतो.

याहून गंभीर गोष्ट म्हाताऱ्यांच्या सेवेची आहे. पोलंड, रुमानिया, बल्गेरियातून बायका येऊन जर्मन वृद्धांच्या घरीच राहतात. त्यांच्या संख्येचे अंदाज तीन लाखांपासून सात लाखांपर्यंत आहेत. एका बल्गेरियन बाईच्या करारात आठवड्याला तीस तास लिहिले होते. बर्लिनमधल्या नव्वदी ओलांडलेल्या आजींसाठी ती दिवसरात्र हजर असे. रात्री खोलीचे दार उघडे ठेवून झोपायचे, हाक आली की उठायचे. २४ जून २०२१ रोजी संघीय कामगार न्यायालयाने निकाल दिला की हाकेला तयार राहण्याचा वेळही कामाचाच आहे आणि त्याला किमान वेतन दिले पाहिजे. २०२२ मध्ये तिला ३८ हजार युरोंहून अधिक थकबाकी मंजूर झाली. इथे काम अर्धे पांढरे होते आणि अर्धे काळे. तीस तास कागदावर, उरलेले दाराआड.

मांस कारखान्यांतही तसेच होते. जून २०२० मध्ये रेडा-वीडेनब्रुक येथील टॉनीसच्या कत्तलखान्यात दीड हजारांहून अधिक कामगारांना कोरोना झाला, तेव्हा देशाला पुन्हा एकदा कळले की डुक्कर कापणारे हजारो रुमानियन आणि बल्गेरियन लोक कारखान्याचे नोकर नव्हतेच. ते पोटठेकेदाराचे होते, त्याच्याच खोल्यांत दाटीने राहत होते, आणि खोलीचे भाडे पगारातून कापले जात होते. १९८५ च्या पुस्तकानंतर पस्तीस वर्षांनी. १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या कत्तलखान्यांना स्वतःच्या मजुरांना स्वतः नोकरीवर ठेवणे बंधनकारक झाले.

आपल्या मुलाबाळांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. आज जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सर्वांत अधिक आहेत. २०२३-२४ मध्ये ते सुमारे ४९ हजार होते, आणि मॉरिशसची मुलेही तिकडे शिकायला जातात. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. घरभाडे त्यात भागले नाही की कुणीतरी सांगतो, पुढचे तास रोखीने घे. तिथून पुढे तास मालकाच्या हातात जातात, कारण तक्रार करायची तर आधी स्वतःची चूक सांगावी लागते. ज्याच्याकडे राहण्याचा परवानाच नाही त्याची स्थिती याहून बिकट. कायद्याने त्यालाही केलेल्या कामाचा पगार मागता येतो. पण सरकारी कचेऱ्यांना अशी माणसे आढळली तर परदेशी नागरिकांच्या खात्याला कळवावे लागते. प्रशियाच्या लाल कार्डवाल्याची भीती हीच होती, आणि आपल्या पूर्वजांची पोलिसचौकीजवळून जाताना हीच.

जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाने २०११ पासून पूर्व युरोपातील मजुरांसाठी सल्ला केंद्रे चालवली आहेत. तिथे रुमानियन, बल्गेरियन, पोलिश अशा त्यांच्याच भाषांत बोलणारी माणसे बसतात. अशा केंद्रांत नव्या माणसाला जो पहिला सल्ला मिळतो तो वकिलाचा नसतो. एक वही घे, असे सांगतात. रोज तारीख लिही, काम कुठे होते, किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले, मधली सुट्टी किती, मुकादमाचे नाव काय, सोबत कोण होते. मोबाइलवर जागेचा फोटो काढून ठेव. भाषा कुठलीही चालेल. मालकाने काहीही नोंदवले नसेल तर पगाराचा दावा मांडताना याच वहीतली पाने कामगार न्यायालयापुढे ठेवली जातात.